एकच शेत, दोन हंगाम

एप्रिल लागला की आमच्या रामबागेतल्या गच्च्यांवर गहू दिसू लागतो. जुन्या सुती साड्या अंथरायच्या, वर्षाचा गहू त्यावर पसरायचा, दोन दिवस कडक ऊन द्यायचं, चाळून-निवडून घ्यायचा, एरंडेलाचा हात फिरवायचा आणि कोठीत भरायचा. पोळ्यांसाठी लोकवन किंवा शरबती, बाफल्यांसाठी थोडा मालवी काठा गहू. पिठाच्या पिशव्या दुकानात बारा महिने मिळतात, तरी इंदूरच्या पुष्कळ मराठी घरांत हा रिवाज टिकून आहे.

आपल्याकडे या कामाला नेमका शब्द आहे: बेगमी. पुढचे दिवस कसे येतील ठाऊक नाही, म्हणून आधीच करून ठेवलेली सोय. 'राष्ट्रीय अन्नसुरक्षा' ही दिल्लीच्या फायलींमधली गोष्ट आहे असं पुष्कळांना वाटतं. पण देशालाही बेगमी करावी लागते, आणि तिचे प्रश्न आपल्या स्वयंपाकघरातल्या प्रश्नांसारखेच असतात. घरात धान्य आहे का? नसेल तर आणायला पैसे आहेत का? खाल्लेलं अंगी लागतंय का? आणि आज आहे ते पुढच्या श्रावणातही असेल का? १९९६ साली रोममध्ये जगभरच्या देशांची अन्न परिषद भरली होती, तिथे ठरलेली अन्नसुरक्षेची व्याख्या याच चार प्रश्नांवर उभी आहे. उपलब्धता, आवाका, पोषण आणि सातत्य.

यातला दुसरा प्रश्न आपण फार सहज विसरतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं मेली. धान्याची तूट होती, पण एवढी माणसं मरावीत इतकी ती नव्हती, हे अमर्त्य सेन यांनी नंतर आकडे मांडून दाखवलं. युद्धामुळे भाव चढले, साठेबाजी झाली, आणि शेतमजूर, कोळी, न्हावी अशा लोकांच्या मजुरीत तांदूळ येईनासा झाला. तांदूळ बाजारात होता, त्यांच्या ताटात नव्हता. म्हणून 'देशात धान्य भरपूर आहे' एवढ्यावर बेगमी पुरी होत नाही.

तरीही सुरुवात धान्यापासूनच करावी लागते, आणि धान्य कोणाच्या शेतात पिकतं याला फार अर्थ आहे. हे आपला देश साठच्या दशकात शिकला.

स्वातंत्र्यानंतर आपण धान्याच्या बाबतीत कायम ओढग्रस्तच होतो. १९५०-५१ मध्ये सगळ्या अन्नधान्याचं उत्पादन जेमतेम ५ कोटी टन होतं. १९५६ पासून अमेरिकेचा गहू 'पीएल-४८०' या कायद्याखाली येऊ लागला. त्याची किंमत रुपयांत चुकती करता येत असे, त्यामुळे तो सोयीचा वाटला. रेशनवर मिळणारा तो लाल गहू आणि मिलो ज्वारी आमच्या आजीला आयुष्यभर आठवत राहिली. पोळी वातड व्हायची, पण रांगेत उभं राहून आणलेली असायची, म्हणून तुकडाही टाकायचा नाही, असं ती सांगत असे. मग १९६५ आणि १९६६, लागोपाठ दोन वर्षं पावसाने दगा दिला. मधेच पाकिस्तानशी युद्ध झालं. १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं, आणि अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ते वर्षाच्या कराराने न देता थोडंथोडं सोडायला सुरुवात केली. व्हिएतनामच्या युद्धावर भारत काय बोलतो, शेतीचं धोरण कसं बदलतो, हे पाहून पुढचं जहाज सुटायचं. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडण्याचं आवाहन केलं ते याच काळात, १९६५ मध्ये, आणि लाखो घरांनी ते पाळलं. ज्याच्या हातात आपली भाकरी असते तो आपल्या परराष्ट्र धोरणावरही बोट ठेवतो, हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिलं.

त्यानंतर जे झालं त्याला आपण हरितक्रांती म्हणतो. मेक्सिकोचं बुटकं बियाणं आलं आणि पीक वाढलं, अशी ती गोष्ट शाळेत एका ओळीत संपते. बियाणं आलं हे खरंच. १९६६ मध्ये १८,००० टन बियाणं मेक्सिकोहून आणलं गेलं. त्यामागे नॉर्मन बोरलॉग यांचं संशोधन, एम. एस. स्वामिनाथन यांचा पाठपुरावा आणि कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांचं धाडस होतं. जुना उंच गहू जास्त खत दिलं की आडवा पडायचा, बुटका गहू खत पचवून उभा राहायचा. पण मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. जानेवारी १९६५ मध्ये दोन संस्था उभ्या राहिल्या: भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग. एक धान्य विकत घेणार, दुसरी कोणत्या भावाने घ्यावं ते सुचवणार. म्हणजे नवं बियाणं हातात देताना सरकार शेतकऱ्याला सांगत होतं की तू पिकव, ठरलेल्या भावाने आम्ही घेऊ. नवं बियाणं, विकतचं खत आणि विहिरीचं कर्ज अंगावर घेणाऱ्या माणसाला या शब्दाचं मोल फार होतं. १९६४-६५ मध्ये देशात सुमारे १ कोटी २० लाख टन गहू पिकला होता, १९६७-६८ मध्ये १ कोटी ६५ लाख टन पिकला. २०२३-२४ मध्ये तो ११ कोटी टनांच्या पुढे होता.

आता कोणी म्हणेल, तो काळ वेगळा होता. आज परकीय चलन आहे, जग एक बाजारपेठ झालंय, सिंगापूर तर नव्वद टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून आणतं आणि सुखात राहतं. मग आपण शेतीसाठी एवढा जीव का टाकायचा?

सिंगापूरची वस्ती साठ लाखांच्या आसपास आहे. आपली एकशे चाळीस कोटींच्या वर. संपूर्ण जगात वर्षभरात देशादेशांमध्ये जो तांदूळ विकला-घेतला जातो तो सगळा मिळून साडेपाच-सहा कोटी टन. आपलं एकट्याचं उत्पादन २०२३-२४ मध्येच पावणेचौदा कोटी टनांच्या घरात होतं. म्हणजे जगाच्या बाजारातलं प्रत्येक पोतं आपण उचललं तरी आपली गरज साधारण निम्मीच भागेल, आणि तेव्हा फिलिपिन्स, आफ्रिकेतले देश, आखाती देश उपाशी बसतील. त्यात जागतिक तांदूळ व्यापाराचा सुमारे चाळीस टक्के हिस्सा आपलाच आहे. आपण घ्यायला गेलो तर देणारा सर्वात मोठा दुकानदारच कमी झालेला असेल. आपल्याएवढ्या देशाने बाजारात नुसतं पाऊल टाकलं तरी भाव भडकतात. छोट्या घराला वाण्याकडून रोजचं पीठ आणून चालतं. पाचशे पानांचं लग्न असेल तर आदल्या रात्री वाण्याकडे जाऊन भागत नाही.

शिवाय अडचणीच्या वेळी प्रत्येक देश आधी स्वतःचं घर बघतो. यात आपणही आलो. मार्च २०२२ मध्ये उत्तर भारतात अवेळी उष्णतेची लाट आली. गव्हाचा दाणा भरायच्या वेळी पारा चढला की पीक लवकर पिकतं आणि दाणा बारीक, सुरकुतलेला राहतो. त्याच वेळी युक्रेनच्या युद्धाने जगात गव्हाचे भाव वर गेले होते, व्यापारी हमीभावापेक्षा जास्त देत होते. सरकारी खरेदी आदल्या वर्षी ४३३ लाख टन झाली होती, ती १८८ लाख टनांवर आली. १३ मे २०२२ ला भारताने गव्हाची निर्यात बंद केली. पुढच्या वर्षी, जुलै २०२३ मध्ये, बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाचीही केली. आपल्यावर विसंबलेल्या देशांना त्याची झळ बसली. आपण केलं तेच उद्या दुसरा कोणी आपल्याशी करेल, हे गृहीत धरूनच बेगमी करावी लागते.

देशाची कोठी कशी भरते आणि कशी रिकामी होते, ते थोडक्यात सांगते. माझा मामेभाऊ सांवेर तहसिलीत शेती करतो. आम्ही सगळी भावंडं त्याला दादा म्हणतो. मार्चमध्ये त्याचा गहू निघतो. तो सरकारी पोर्टलवर आधीच नोंदणी करून ठेवतो, ठरलेल्या दिवशी ट्रॉली घेऊन सोसायटीच्या खरेदी केंद्रावर जातो. तिथे ओलावा तपासतात, कचरा-काडी बघतात, हम्माल पोती भरून तोलतात, आणि हमीभावाने पैसे खात्यात येतात. २०२५ च्या हंगामात गव्हाचा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता, त्यावर मध्य प्रदेश सरकारचा १७५ रुपये बोनस. मंडीत व्यापाऱ्याचा भाव जास्त असेल तर दादा छावणीला किंवा लक्ष्मीबाईनगरला घेऊन जातो. सोसायटीलाच द्यावा असं बंधन नाही. पण खाली एक आधार आहे हे त्याला ठाऊक असतं, आणि मंडीतल्या व्यापाऱ्यालाही ठाऊक असतं. २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीत, मध्य प्रदेशाने १२९ लाख टन गहू सरकारला दिला आणि पंजाबला मागे टाकलं. त्या वर्षी देशभर जे मोफत धान्य वाटलं गेलं त्यात मालव्याच्या काळ्या मातीचा मोठा वाटा होता, याचा मला आजही अभिमान वाटतो.

हा गहू अन्न महामंडळाच्या नावे गोदामात जातो. किती साठा असायलाच हवा, याचे निकष ठरलेले आहेत. गव्हाची कापणी संपल्यावर १ जुलैला तांदूळ-गहू मिळून ४११ लाख टन, आणि नवा गहू यायच्या तोंडावर १ एप्रिलला २१० लाख टन. घरातही जूनमध्ये कोठी भरलेली आणि मार्चमध्ये तळ दिसू लागलेला असतो, तसंच. १ एप्रिलला एकट्या गव्हाचा निकष साधारण ७५ लाख टनांचा आहे. २०२४ मध्ये साठा नेमका त्याच्या काठावर येऊन टेकला होता. दिल्लीत त्या दिवसांत गव्हाच्या भावाकडे एवढं डोळ्यात तेल घालून का पाहिलं जात होतं, ते यावरून कळतं.

मग वाटप. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातल्या ७५ टक्के आणि शहरी भागातल्या ५० टक्क्यांपर्यंत लोकांना माणशी महिना पाच किलो धान्याचा हक्क दिला. हक्क हा शब्द इथे मोलाचा आहे, कारण त्याआधी ती सवलत होती. अंत्योदय, म्हणजे सर्वात गरीब कुटुंबांना महिन्याला ३५ किलो. आधी गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये किलो होता, जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. साधा हिशेब करा: ८० कोटी माणसं, पाच किलो, बारा महिने. ४ कोटी ८० लाख टन. एवढं धान्य दर वर्षी कोठीत यायलाच हवं. ते परदेशातून आणायचं म्हटलं तर काय होईल, हे वर पाहिलंच. त्यामुळे हा कायदा उभा आहे तो शेवटी इथल्या शेतकऱ्याच्या पेरणीवर. केंद्राचा अन्न अनुदानाचा खर्च वर्षाला दोन लाख कोटी रुपयांच्या आसपास जातो. त्यावर जागतिक व्यापार संघटनेत वाद चालूच असतो, कारण तिथे अशी मदत मोजताना १९८६-८८ चे जुने भाव पायाला धरले जातात. २०१३ च्या बालीच्या परिषदेत त्यावर तात्पुरती सूट मिळाली, कायमचा तोडगा अजून निघालेला नाही.

इथवर वाचून वाटेल की आपलं उत्तम चाललंय. गव्हा-तांदळापुरतं ते खरंही आहे.

पण दादाचं शेत मार्चमध्ये संपत नाही. त्याच शेतात, त्याच मातीत, जूनमध्ये दुसरं पीक येतं. सोयाबीन. देशाच्या बेगमीचं दुसरं अर्धं तिथे दिसतं, आणि ते पाहून काळजी वाटते.

मालव्यात पूर्वी पुष्कळ जमीन पावसाळ्यात पड ठेवत. काळी माती पाणी धरून ठेवते, त्या ओलीवर हिवाळ्यात काठा गहू आणि हरभरा निघायचा. सत्तरच्या दशकापासून त्या पडीक पावसाळ्यात सोयाबीन शिरलं. बघता बघता ज्वारी बाजूला पडली, मालवा देशातला सोयाबीनचा पट्टा झाला, इंदूरला तेल गाळणाऱ्या उद्योगाचं केंद्र आलं आणि १९८७ मध्ये खंडवा रोडवर सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था उभी राहिली. १९८६ मध्ये केंद्राने तेलबियांचं तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. पिवळी क्रांती म्हणतात ती हीच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपण खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झालो होतो. हे आज सांगितलं तर तरुण मुलांना खरं वाटत नाही.

कारण आज आपल्या गरजेच्या निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. वर्षाला सुमारे १ कोटी ६० लाख टन. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीनचं अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं युक्रेन-रशियातून. १९९४-९५ नंतर आयात खुली झाली, स्वस्त पाम तेल आलं, आणि तेलबियांना गव्हासारखा खरेदीचा आधार कधी मिळालाच नाही. हमीभाव जाहीर व्हायचा, पण त्या भावाने घेणारं फारसं कोणी नसायचं.

सोयाबीनचं अर्थशास्त्र थोडं समजून घेऊ, म्हणजे घोळ कुठे आहे ते दिसेल. शंभर किलो सोयाबीन गाळलं की तेल निघतं फक्त १८ ते २० किलो. उरलेल्यातली बहुतेक पेंड, जी कोंबड्यांच्या आणि जनावरांच्या खाद्यात जाते. त्यामुळे दादाच्या सोयाबीनचा भाव दोन दोऱ्यांना बांधलेला असतो. तेलाचा भाव मलेशिया आणि अर्जेंटिना ठरवतात, पेंडेचा भाव ब्राझील आणि अमेरिकेचं पीक ठरवतं. आपलं उत्पादन हेक्टरी दहा-अकरा क्विंटल, ब्राझीलचं तीस क्विंटलच्या पुढे. पाऊस लांबला, पिवळा मोझॅक हा रोग पडला, कापणीच्या वेळी पाणी लागलं, तर दहाचे सात होतात. आणि माल घेऊन मंडीत गेलं की भाव तो, जो जगाने ठरवला.

ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या आसपास गेलं होतं. दादाने त्या वर्षी पहिल्यांदा घरात सोयाबीन राखून ठेवलं होतं. कुक्कुटपालन उद्योगाने पेंड महागल्याची तक्रार केली, सरकारने बाहेरून १२ लाख टन पेंड आणायला परवानगी दिली, खाद्यतेलाची आयातकरकपातही झाली, आणि नवा माल मंडीत येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला होता. २०२४ मध्ये तर हमीभाव ४,८९२ रुपये असताना मंडीत त्याहून बऱ्याच कमी भावाने सोयाबीन जात होतं. शेतकरी रस्त्यावर आले, तेव्हा कुठे मध्य प्रदेशात हमीभावाने खरेदी सुरू झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के केलं, मे २०२५ मध्ये परत १० टक्क्यांवर आणलं. मंडीत विकताना पडलेली तूट सरकारने भरून द्यायची, अशी भावांतर योजना २०१७ मध्ये आली, मग थांबली, २०२५ मध्ये सोयाबीनसाठी पुन्हा आली.

या ओढाताणीत सरकारची अडचण खोटी नाही. तेल महागलं की गरीब घराच्या कढईवर लगेच परिणाम होतो. शुल्क वाढवलं तर गिऱ्हाईक ओरडतं, कमी केलं तर शेतकरी मरतो. पण शेतकरी पेरणीचा निर्णय जूनमध्ये घेतो आणि त्याचा माल ऑक्टोबरात येतो. मधल्या चार महिन्यांत नियम बदलत राहिले, तर तो कशाच्या भरवशावर पेरणार? गव्हाच्या बाबतीत देशाने एक शब्द दिला आणि साठ वर्षं बऱ्यापैकी पाळला. सोयाबीनच्या बाबतीत शब्द दर हंगामात बदलला. शेत तेच, शेतकरी तोच, कष्ट तेवढेच. एका हंगामात तो देशाची कोठी भरतो, दुसऱ्या हंगामात देश तेलासाठी जहाजांची वाट बघतो. माझ्या मते आपल्या अन्नसुरक्षेची सगळी कहाणी या एका शेतात वाचता येते.

वाट बघण्याची किंमत २०२२ मध्ये कळली. फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, सूर्यफुलाचं तेल अडकलं. एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यातच तीन-एक आठवडे बंद केली, कारण त्यांच्या घरात तेल महागलं होतं. इंदूरच्या सराफ्यातल्या, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारातल्या, कढईपासून आमच्या घरच्या फोडणीपर्यंत सगळीकडे ते जाणवलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने तेलबियांसाठी १०,१०३ कोटी रुपयांचं नवं अभियान मंजूर केलं आहे. तेलबियांचं उत्पादन २०३०-३१ पर्यंत सुमारे ३९० लाख टनांवरून ६९७ लाख टनांवर न्यायचं आहे. चांगलं बियाणं हवंच, आणि मोहरीसारखं जास्त तेल देणारं पीकही वाढायला हवं. पण खरेदीचा भरवसा नसेल तर बियाण्यावर खर्च करायला कोण धजावेल? डाळींचंही थोड्याफार फरकाने हेच आहे. तूर म्यानमार-मोझांबिकहून येते, मसूर कॅनडा-ऑस्ट्रेलियातून. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, डाळ आणि तेल त्या हक्कात नाहीत. पोट भरतं, पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. मध्य प्रदेशाचा आकडाही तेवढाच आहे. 'अंगी लागणं' हा तिसरा प्रश्न तिथे अडतो. केवळ अन्नाने तो सुटत नाही, स्वच्छ पाणी आणि आईचं आरोग्यही लागतं. पण वरण आणि तेल ताटात असणं ही पहिली पायरी आहे.

अजून एक धागा आहे, जो दिसत नाही म्हणून राहून जातो. आपला गहू देशी, पण त्याचं खत? पोटॅश जवळपास पूर्णपणे बाहेरून येतं. डीएपी हे नत्र-स्फुरदाचं खत किंवा त्याचा कच्चा माल बाहेरून. युरियाचे कारखाने आपले, पण त्यासाठी लागणारा नैसर्गिक वायू मोठ्या प्रमाणात जहाजाने येतो. युरियाचं ४५ किलोचं पोतं शेतकऱ्याला २६६ रुपयांना मिळतं, खरी किंमत त्याच्या कितीतरी पट आहे आणि फरक सरकार भरतं. स्वस्त म्हणून युरिया जास्त पडतो, जमिनीचा तोल बिघडतो. पण म्हणून एका रात्रीत तो बंदही करता येत नाही. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांवर अचानक बंदी घातली, भातपीक कोसळलं आणि काही महिन्यांतच बंदी मागे घ्यावी लागली.

या बाबतीत इंदूरचा एक वारसा आहे, आणि तो आपल्यालाच पुरेसा माहीत नाही. १९२४ मध्ये होळकर संस्थानाच्या साहाय्याने इथे वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथल्या शेतकऱ्यांच्या पद्धती पाहून, शेण, काडीकचरा, राख आणि माती यांचे थर देऊन, ठरावीक दिवसांनी ते उलटून कंपोस्ट करायची रीत बसवली. जगभर ती 'इंदूर पद्धत' या नावाने ओळखली जाते. आज त्याच शहरात २०२२ पासून ओल्या कचऱ्याचा प्रकल्प चालतो. रोज ५५० टन कचरा पचवायची त्याची क्षमता आहे, आणि त्यातून गॅस आणि खत निघतं. कंपोस्टमध्ये नत्र शेकडा एकाच्या आसपास, युरियात ४६. त्यामुळे एक दुसऱ्याची जागा पूर्ण घेऊ शकत नाही. पण कंपोस्टने माती भुसभुशीत होते, पाणी धरते आणि खत वाया जाणं कमी होतं, म्हणजे आयातीचं एखादं पोतं तरी वाचतं.

पाण्याबद्दल एवढंच सांगते. 'पग पग रोटी, डग डग नीर' असं मालव्याबद्दल म्हणत आले. आज आमच्या नळाला येणारं पाणी सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून, नर्मदेतून, वर चढवून आणलेलं आहे, आणि गावोगाव कूपनलिका दर वर्षी खोल जात आहेत. गव्हाची हमी आपण बियाणं आणि भावाने मिळवली, तिच्याखालचं पाणी मात्र आपण उसनं घेतो आहोत.

या जूनमध्ये पेरणीच्या आधी दादाचा फोन आला होता. गहू पोचला का, कसा निघाला, कीड तर नाही ना, हे विचारून झाल्यावर मी विचारलं, "दादा, यंदा सोयाबीन सगळ्याच शेतात ना?"

"नाही गं. अर्ध्यात मका घालतोय. इथेनॉलवाले मका घेतात, भाव आधी कळतो. सोयाबीनचं ऑक्टोबरात काय होईल, कोणी सांगावं?"

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं धोरण आहे आणि त्यात मक्याचा वाटा वाढतो आहे, हे मला माहीत होतं. सोयाबीनच्या पट्ट्यात त्याची जागा मका घेऊ लागला आहे, हेही वाचलं होतं. घरचाच माणूस ते करतोय म्हटल्यावर मात्र पोटात कालवलं. तरी त्याला 'असं करू नकोस' म्हणावं असं माझ्याकडे काही नव्हतं. गेल्या हंगामात त्याच्या हातात काय पडलं ते मला ठाऊक होतं.

"आणि तू तेल कुठलं वापरतेस?" त्याने विचारलं.

फोन कानाला धरूनच मी ओट्याखालचा डबा फिरवून पाहिला. सोयाबीनचंच होतं. पण कुठल्या शेतातल्या सोयाबीनचं, सांवेरच्या की अर्जेंटिनातल्या, ते त्या डब्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.